शब्द मोजले, माणूस निसटला

जानेवारी २०१२मध्ये फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांना, त्यांच्या नकळत, एका प्रयोगात ओढले. काहींच्या पडद्यावर मित्रांचा आनंदी मजकूर कमी येऊ दिला, काहींच्या पडद्यावर दुःखी. आणि मग ती माणसे स्वतः काय लिहितात हे न्याहाळले. २०१४मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि संमतीवरून गदारोळ उठला. तो रास्तच होता. नियमावलीला 'मान्य' म्हटले म्हणजे मनाशी खेळण्याचा परवाना दिला, हे कोणत्या नीतीत बसते? परंतु साहित्याच्या अभ्यासकाने विचारायला हवा असा प्रश्न आणखी एक आहे: भावना ओळखली कशी?

उत्तर सोपे आहे. यंत्राजवळ शब्दांची यादी होती. मजकुरात यादीतला एक जरी आनंदी शब्द सापडला, की मजकूर आनंदी. अशा रीतीने १२ कोटींहून अधिक शब्द चाळले गेले. प्रयोग इंग्रजीपुरता होता. पण हीच फूटपट्टी मराठीला लावून पाहा. आपल्या हातून कपबशी फुटते आणि आई म्हणते, "वा, फार छान झालं!" यादीच्या लेखी ही माउली परमसुखात आहे! वाच्यार्थापलीकडच्या ध्वनीला आनंदवर्धनाने नवव्या शतकात काव्याचा आत्मा मानले. रोजच्या बोलण्यालाही तो आत्मा असतो, हे कोणत्याही घरातल्या पोराला कळते. यंत्राला ते शिकवावे असे कोणाला वाटलेच नाही.

कोणी म्हणेल, परिणाम नगण्य निघाला, मग एवढा आरडाओरडा कशाला? परिणाम लहान असला तरी अफाट संख्येमुळे त्याचे एकत्रित फलित मोठे होऊ शकते, हे खुद्द त्या निबंधाचेच म्हणणे आहे. म्हणजे वाचन कच्चे, आणि त्याच्या आधारे लाखोंच्या मनात हात घालण्याची सत्ता मात्र पक्की. आमचा आक्षेप नेमका या जोडीला आहे.

मात्र यंत्राला दोष देताना स्वतःकडेही पाहावे. 'कवितेतील रस ओळखा' असा प्रश्न आपण घालतो, आणि 'अश्रू' शब्द दिसला म्हणून 'करुण' लिहिणाऱ्याला पूर्ण गुण देतो. यादी घेऊन वाचण्याची ही दीक्षा आपलीच आहे. ती आपल्या वर्गात चालू असेतो यंत्राविरुद्ध बोलण्याचा अधिकार आपल्याला कसा मिळावा?