गुडघा थांबतो, हंगाम थांबत नाही



गेल्या खरिपातली गोष्ट. आमचा एक कार्यकर्ता कोळपणीच्या दिवसांत ओल्या बांधावरून उतरताना घसरला. पाऊल चिखलात रुतून राहिले, अंग मात्र फिरले. गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला आणि तासाभरात गुडघा नारळाएवढा झाला. ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे निघाला. "हाड शाबूत आहे, बाकी हाडांचे डॉक्टर सांगतील," असे उत्तर मिळाले. हाडांच्या डॉक्टरांची तारीख मिळाली अठरा दिवसांनंतरची.

हे अठरा दिवस कसे काढायचे, हे त्याला कोणी सांगितले नाही. आमचे आजचे लिहिणे त्या अठरा दिवसांबद्दल आहे.

अशा वेळी आपल्याकडे तीन वाटा ठरलेल्या. पहिली, मेडिकलमधून दुखणे मारायची गोळी आणायची आणि कामाला लागायचे. दुसरी, तेल लावून मालिश करून घ्यायची किंवा 'सरकलेले' ओढून बसवायचे. तिसरी, खाटेवर पडायचे ते तारीख येईपर्यंत. तिन्ही वाटा नुकसानीच्या.

गोळीने दुखणे दबते, तुटलेले सांधत नाही. दुखत नाही म्हणून माणूस चालतो आणि अर्धे फाटलेले पुरते फाटते. या गोळ्या रोज घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाबाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या औषधावर असलेल्या माणसाने त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. ताज्या सुजेवर शेक आणि मालिश केली की सूज वाढते. आणि नुसते पडून राहिले की मांडीचा स्नायू पंधरवड्यात दिसण्याइतका वाळतो. गुडघ्याला धरून ठेवणारा खरा गडी तोच.

एक्स-रेत हाड दिसते. गुडघ्याला बांधून ठेवणारे दोर, म्हणजे लिगामेंट, आणि दोन हाडांमधली कुर्चेची गादी त्यात दिसत नाही. म्हणून 'हाड शाबूत' याचा अर्थ 'गुडघा शाबूत' असा नव्हे. पहिल्या काही तासांतच मोठी सूज आली, तर बहुतेकदा आत रक्त साचलेले असते आणि दोर तुटल्याचा संशय धरावा लागतो. सूज दुसऱ्या दिवशी सावकाश आली, तर गादी फाटल्याचा संशय अधिक.

मग करायचे काय? पहिले दोन-तीन दिवस पायाला विश्रांती. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा ठेवावा. बर्फ नसेल तर गार पाण्याचे फडके. क्रेप बँडेज बांधावे, पण बोटे बधिर किंवा निळी पडली तर लगेच सैल करावे. पाय उंचावर ठेवावा. उशी मात्र टाचेखाली किंवा पोटरीखाली, नुसती गुडघ्याखाली नको. नाहीतर गुडघा वाकलेलाच आखडून बसतो. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरावी. आपल्यातले बहुतेक जण ती उलट धरतात. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि ओझे उचलणे बंद. शौचासाठी खुर्चीची सोय करावी, त्यात कसली लाज?

दुखणे थोडे उतरले की पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यावी, मांडी आवळून ती खाली दाबावी, पाच अंक मोजावेत आणि सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. आमच्या कार्यकर्त्याला हे नर्सबाईंनी शिकवले, तेही बाराव्या दिवशी.

मात्र काही खुणा तारखेची वाट पाहण्याच्या नाहीत. पाऊल गार किंवा बधिर पडले, गुडघा अडकला आणि सरळच होईना, चार पावलेही टाकता येईनात, सांध्यावर जखम आहे, ताप येऊन गुडघा लाल आणि गरम झाला, पोटरी सुजून दुखू लागली, यातले काहीही झाले तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. १०८ ची गाडी त्यासाठीच आहे.

तारखेला जाताना कागदावर लिहून न्यावे : कोणत्या दिवशी, कसे मुरगळले, सूज किती वेळात आली, गुडघा अडकतो का, चालताना दगा देतो का, कोणत्या गोळ्या घेतल्या. डॉक्टरांपाशी वेळ थोडा असतो, तो आठवण्यात घालवू नये.

आता पैशाचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे छत्र २०२३ च्या निर्णयाने राज्यातल्या सर्व कुटुंबांवर आणि वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढले. शस्त्रक्रिया ठरली तर त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे. पण योजना मुख्यतः दाखल झाल्यानंतरची. वाट पाहण्याच्या दिवसांची मजुरी, गाडीभाडे आणि बुडालेली कोळपणी कोणत्याच योजनेत बसत नाही. उत्पादनखर्चात घरच्या माणसाची मजुरी धरली जाते, त्याच्या मोडलेल्या गुडघ्याचा रकाना मात्र कोणत्याही तक्त्यात नाही.

तो रकाना गावालाच भरावा लागेल. आमच्या कार्यकर्त्याचे चार एकर शेजाऱ्यांनी इर्जिक करून दोन दिवसांत कोळपून दिले. तसे झाले नसते तर तो सहाव्या दिवशी पट्टी बांधून रानात उभा राहिला असता, हे त्यानेच आम्हाला सांगितले. औषधाइतकाच त्या इर्जिकीने त्याचा गुडघा वाचवला.

आणि मायबहिणींचे काय? खुरपणी उकिडवे बसून त्याच करतात. त्यांचा गुडघा दुखला की 'वय झाले' म्हणून सोडून देतात. तारीख घेण्यापर्यंतही गोष्ट जात नाही. घरचा गडी पडला की इर्जिक होते, घरची बाई पडली की चूलही तिलाच पेटवावी लागते. हा हिशेब आधी आपल्याच घरात दुरुस्त केला पाहिजे.

या जिल्हा बैठकीपुढे आम्ही दोनच गोष्टी ठेवतो. हाडांचे डॉक्टर कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी बसतात, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लिहिले जावे, आणि गावच्या उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांचा सल्ला मिळवून द्यावा, यासाठी तालुक्या-तालुक्यात निवेदन द्यावे. आणि प्रत्येक गावच्या शाखेने वहीत दहा नावे लिहून ठेवावीत : कोणी पडला किंवा पडली, तर दुसऱ्या दिवशी त्या रानात उभे राहणाऱ्यांची. पहिली गोष्ट सरकारकडे मागायची आहे. दुसरीसाठी कोणाच्याच सहीची गरज नाही.