मौन म्हणजे संमती नव्हे



चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचे कारखाने आहेत, सुरजागडची लोहखाण आहे. उन्हाळा आला की तेंदूपानाचा हंगाम असतो. या साऱ्या ठिकाणी आपली माणसे राबतात. त्यांपैकी जो कोणी वकिलाच्या दारी येतो, तो बहुधा उशिरा येतो. मुकादमाची शिवीगाळ, साहेबाचा स्पर्श, कापलेली मजुरी हे सारे महिनोन्महिने सोसलेले असते, आणि काम गेल्यानंतरच कायद्याची विचारपूस सुरू होते. अशा माणसाला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणास नाही, कारण त्याच्या घरची चूल त्याच कामावर पेटते. परंतु न्यायालयात या मौनाचा अर्थ काय लावला जातो, हे आपल्याच भूमीतील एका खटल्याने साऱ्या देशाला दाखविले आहे.

२६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मोलमजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. तो खटला पुढे मथुरा खटला म्हणून ओळखला गेला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, भीतीपोटी गप्प राहणे ही संमती नव्हे, असे ठरवून शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, अंगावर जखमा नाहीत आणि प्रतिकार दिसत नाही, असे म्हणून आरोपींना पुन्हा सोडले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील स्त्री संमती नव्हती असे सांगत असेल, तर ती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले.

पोलीस ठाणे आणि कारखाना या एकच गोष्टी नव्हेत. तथापि ज्याच्या हाती आपली भाकर आहे त्याच्यासमोर गप्प राहणे म्हणजे मान्यता देणे नव्हे, हा विचार पुढे कामाच्या जागेपर्यंत आला. राजस्थानात बालविवाह रोखण्याचे सरकारी काम केल्याबद्दल भंवरीदेवींवर १९९२ साली सूड उगवला गेला; त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आणि त्यातून २०१३ चा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. जेथे ती नाही, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. रोजंदारीची वा कंत्राटाची स्त्रीही तेथे जाऊ शकते. मुदत तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. चौकशी चालू असताना तिने लेखी मागितल्यास, तिची किंवा आरोपीची बदली, अथवा तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, अशी शिफारस समिती करू शकते.

कामावरून काढले असेल तर दुसरा मार्ग आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. सूडबुद्धीने कामावरून काढणे ही तिच्यात अनुचित प्रथा मानली आहे. काढलेल्या कामगाराने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पंचेचाळीस दिवसांत वाद मिटला नाही तर त्याला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते. मात्र पूर्वीची तीन वर्षांची मुदत आता दोन वर्षांवर आली आहे, हे विसरू नका. खाणीतील कामगाराने केंद्र सरकारच्या समेट अधिकाऱ्याकडे जावयाचे असते. वाद चालू असताना त्या वादासंबंधीच्या कारणावरून कामगाराला लेखी परवानगीवाचून काढता येत नाही. म्हणजे मालकाचे पत्र येण्यापूर्वी आपला अर्ज दाखल असणे, हीच खरी ढाल होय.

तिसरा मार्ग जातीवरून झालेल्या अपमानाचा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा अनुसूचित जातींसाठी आहे, आणि बौद्ध झालेल्यांना घटनेच्या आदेशातील ते स्थान १९९० च्या दुरुस्तीने मिळाले. आपल्यातील काही कुटुंबे जातीचा दाखला काढीत नाहीत; जुन्या जातीचे नाव लिहिले तर धम्म सोडल्यासारखे होईल, असे त्यांना वाटते. ही समजूत मी चुकीची मानतो. तो दाखला श्रद्धेची कबुली नव्हे. आपल्यावर झालेल्या अन्यायाची ती सरकारी नोंद आहे. त्याच्या अभावी चार लोकांदेखत दिलेली शिवी न्यायालयात नुसती शिवी ठरते, आणि या कायद्याचे संरक्षण हातचे जाते.

कायदा मंद चालतो, कित्येक समित्या केवळ कागदावर असतात, हे मी नाकारीत नाही. म्हणूनच आपले पाऊल आधी पडले पाहिजे. ज्या दिवशी अपमान झाला त्या दिवशी तारीख, वेळ, जागा आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवा. तक्रारीच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. पोच नाकारली तर ती टपालाने रजिस्टर करून पाठवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ कोणी शिकलेल्याने बसावे. आणि साक्षीची वेळ आली की मान खाली घालू नका. मालकाचा खरा आधार त्याचा वकील नसतो. 'आम्ही काही पाहिले नाही' असे म्हणणारे आपलेच सोबती त्याचा आधार असतात.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांच्या समोर आपल्या वाडवडिलांनी भर मैदानात, साऱ्यांच्या देखत दीक्षा घेतली. कोणी काय म्हणेल, मालक काम देईल की नाही, याची भीती त्यांनाही होतीच. त्यांची नातवंडे एका कागदावर सही करावयास कचरली, असे होऊ देऊ नका.

जय भीम.