मायक्रॉनची बंदी आणि खुंटीवरची पिशवी

अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पूर्णा नदी येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे ओलांडून पूर्णा शहराजवळून वाहते व कंठेश्वर येथे गोदावरीला मिळते. पुढे हेच पाणी नांदेडच्या विष्णुपुरी जलाशयात जाते. पूर्णेच्या बाजारातून पाव किलो साखरेसोबत घरी आलेली कॅरीबॅग नालीत पडली, की पावसाळ्यात तिचा प्रवासही याच मार्गाने होतो. ज्या गोदामाईच्या संगमावर श्रद्धेने हात जोडायचे, तिच्याच पोटात रोजचा कचरा लोटायचा! ही विसंगती समाजाला खटकेनाशी झाली आहे, हे खरे दुखणे आहे.

शासनाने काही केले नाही, असे म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ च्या प्रलयात मुंबईची गटारे प्लॅस्टिकने तुंबली, तेव्हा राज्यात बंदीची घोषणा झाली. २००६ च्या नियमांत तिचे रूपांतर ५० मायक्रॉनच्या मर्यादेत झाले. २३ मार्च २०१८ रोजी पुन्हा बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद. केंद्राने २०२१ मध्ये मर्यादा ७५ मायक्रॉनवर आणि २०२२ च्या अखेरीस १२० मायक्रॉनवर नेली. सरकारे बदलली, आकडे वाढले. पिशवी मात्र भाजीवाल्याच्या गाड्यावर लटकतच राहिली. कारण ग्राहक रिकाम्या हाताने बाजारात जातो आणि पिशवी न देणाऱ्या दुकानदाराकडे पाठ फिरवतो. शेवटी दंड होतो तो छोट्या विक्रेत्याला. मागणाऱ्याला कोणी विचारत नाही.

‘पुनर्चक्रीकरण होतेच की’, हा सुशिक्षितांचा आवडता युक्तिवाद. वस्तुस्थिती अशी, की पातळ पिशवीला वजन नसते. किलोभर होण्यासाठी शेकडो वेचाव्या लागतात, म्हणून भंगारवालाही ती उचलत नाही. ती उचलते रस्त्यावरची गाय. शिळ्या अन्नासकट गिळलेले प्लॅस्टिक तिच्या कोठीपोटात साठत जाते आणि शस्त्रक्रियेवाचून बाहेर निघत नाही. गोरक्षणाच्या घोषणा देणाऱ्या घरातून उष्टे अन्न कॅरीबॅगेत गाठ मारून फेकले जात असेल, तर त्या घोषणेचे मोल काय?

दुसरी फसवणूक कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशवीची. लग्नात, सत्कारात, निवडणुकीत वाटली जाणारी ही ‘नॉन-वोव्हन’ पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनचीच, म्हणजे प्लॅस्टिकचीच असते. शुद्ध सुती पिशव्यांचे घाऊक वाटप हाही उपाय नव्हे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, केवळ हवामानबदलाचा निकष लावला तरी नवी सुती पिशवी किमान ५२ वेळा वापरल्यावरच प्लॅस्टिकच्या पिशवीची बरोबरी करते. पर्यावरणदिनी छायाचित्रापुरती वाटलेली आणि कपाटात रचून ठेवलेली पिशवी हा म्हणूनच नुसता अपव्यय आहे.

या कोड्याचे उत्तर मराठवाड्याच्या घराघरांत होते. जुन्या लुगड्याची वाकळ व्हायची, धोतराच्या धडक्या भागाची पिशवी आणि उरलेल्या चिंधीचे पोतेरे. किराणा कागदाच्या पुड्यांत यायचा, तेल किटलीत यायचे, पुड्याचा दोराही गुंडाळून ठेवला जायचा. ही केवळ गरिबी नव्हती. अपरिग्रहाचा संस्कार त्यामागे होता. स्वीडिश कंपनीने १९६५ मध्ये पेटंट घेतलेल्या पिशवीने दोन पिढ्यांत तो संस्कार पुसला, आणि आता ‘पुनर्वापर’ हा शब्द परदेशी पाठ्यपुस्तकातून शिकण्याची वेळ या कापूस पिकवणाऱ्या भूमीवर आली!

समाज मनावर घेतो तेव्हा काय होते, हे २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात दिसले. ‘एक थाली, एक थैला’ अभियानात देशभरातील घरांतून लक्षावधी थाळ्या आणि कापडी थैल्या गोळा होऊन तेथे पोहोचल्या. जे प्रयागला साधले, ते पूर्णेच्या बाजारपेठेत का साधू नये? दाराजवळच्या खुंटीवर जुन्या साडीची पिशवी, दुचाकीच्या डिकीत दुसरी, आणि दुकानदाराला स्पष्ट नकार. यासाठी कोणत्याही अनुदानाची वा अध्यादेशाची गरज नाही. मोहल्ल्यातील दहा कुटुंबांनी हा नेम वर्षभर पाळला, तर अकरावे आपोआप पाळू लागेल. प्रबोधनाची सुरुवात मात्र प्रबोधन करणाऱ्याच्या घरातूनच झाली पाहिजे.