गाठी उचलणारा पोरगा ड्रायव्हर कधी होणार?

कुंभिवलीच्या गोदामात आमच्या कापडाच्या गाठी उतरतात तेव्हा हमाल पोरे हटकून विचारतात, "शेठ, आम्हाला गाडीवर कधी घेणार?" हा सवाल आम्ही व्यापाऱ्यांनी नेहमी हसण्यावारी नेला. पाठीवर गाठ वाहणाऱ्याची कंबर चाळिशीनंतर साथ देत नाही, हे ठाऊक असूनही.

जुना रिवाज असा, की आधी क्लीनर व्हायचे, मग उस्तादाची मर्जी झाली की रात्री मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग धरायचे. समोर बोरघाट असताना हा रिवाज परवडणारा नाही. बिगर लायसनवाल्याच्या हाती गाडी दिली तर मालकालाही ५,००० रुपये दंड किंवा ३ महिने कैद होऊ शकते. अपघात झालाच तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. त्यात दुकान जाते.

सरळ रस्ता फारसा अवघड नाही. १८व्या वर्षी हलक्या गाडीचे लायसन मिळते. त्यावर ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालगाडीही चालवता येते, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिला. टेम्पोवाल्यांना तो मोठाच दिलासा. ट्रकसाठी मात्र वय २० हवे आणि हलके लायसन वर्षभर जुने. आठवी पासची अट २०१९ मध्येच गेली, पण शाळा सोडलेल्या कित्येक पोरांना हे कोणी सांगितलेलेच नाही.

फी आपण उचल म्हणून द्यावी, टेस्टच्या दिवशी खाडा धरू नये. आम्ही एकाचा खाडा धरला होता. तो आज शेजारच्या दुकानाचा टेम्पो चालवतो, आणि घाईच्या वेळी आम्ही त्यालाच भाडे देतो.