इंजिन बसते, हप्ता थांबत नाही

विशेष प्रतिनिधी

डिझेल पिकअपचे तंत्र बदलले. पण तिची दुरुस्ती, तिची हमी आणि तिच्या मालकाचे संरक्षण मात्र जुन्याच वळणावर उभे आहे.

एप्रिल-मेचा हंगाम. रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरकडे निघालेली पिकअप आंबा घाटाच्या ऐन चढावर थांबते. बॉनेटखालून वाफ येऊ लागते, तापमानाचा काटा केव्हाच लाल रेषेपलीकडे गेलेला असतो. चालक पाण्याची बाटली घेऊन खाली उतरतो. माल दुसऱ्या गाडीत चढवावा लागतो, बाजाराची वेळ चुकते आणि दोन दिवसांनी गॅरेजमधून निरोप येतो, ‘इंजिनचे काम निघाले आहे.’ हे चार शब्द राज्यातील हजारो पिकअपमालकांना परिचयाचे आहेत. त्यांचा अर्थ केवळ यांत्रिक नाही. गाडी कर्जावर घेतलेली असते. ती उभी राहिली की उत्पन्न त्याच दिवशी थांबते. वित्तकंपनीचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला हजर होतो.

शेतमाल, दूध, पोल्ट्री, किराणा, बांधकामाचे साहित्य, अशा प्रत्येक मालाच्या पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यावर आज पिकअपच धावते. 2005 साली टाटा मोटर्सने दोन सिलिंडरची ‘एस’ बाजारात आणली आणि लहान मालवाहू गाडी ही एका माणसाच्या मालकीची, त्याने स्वतः चालविण्याची गोष्ट झाली. त्याहून थोरल्या पिकअपनी पुढे ग्रामीण वाहतुकीचा मोठा भार उचलला. या वाहनांच्या इंजिनाची विश्वासार्हता हा त्यामुळे केवळ वाहनशौकिनांच्या चर्चेचा विषय उरत नाही. तो ग्रामीण स्वयंरोजगाराचा प्रश्न आहे.

इंजिन एका दिवसात बसत नाही

घाटात थांबलेल्या गाडीचे दुखणे बहुधा त्या दिवशीचे नसते. पाण्याच्या होजला बारीक चीर पडलेली असते, रेडिएटर चिखलाने आणि गंजाने अर्धा बुजलेला असतो, कूलंट संपल्यावर विहिरीचे क्षारयुक्त पाणी ओतलेले असते. भार आणि चढ एकत्र आले की इंजिन तापते. सिलिंडर हेड वाकते आणि हेड व ब्लॉक यांच्यामधील गॅसकेट उडते. मग पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा होतो आणि बेअरिंगचे वंगण जाते. काटा वर गेल्यावर त्याच क्षणी गाडी थांबविली असती, तर काम होजवर किंवा फार तर गॅसकेटवर भागले असते. ‘घाट संपेपर्यंत नेऊ’ या विचाराने पुढचे दोन किलोमीटर नेले की तेच काम क्रँकशाफ्टपर्यंत पोहोचते.

दुसरे नेहमीचे दुखणे टर्बोचार्जरचे. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तरंगतो तो केवळ ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल बदलण्यात कुचराई झाली, एअर फिल्टर धुळीने फाटला किंवा घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद करण्याची सवय असली, की टर्बो आधी शिट्टी वाजवू लागतो, मग ऑइल खाऊ लागतो आणि शेवटी तुटतो.

तिसरे दुखणे इंधनाचे. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात डिझेल काहीशे बार दाबाने फवारले जाई. आजच्या कॉमन रेल पद्धतीत हा दाब दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरच्या आतील फटी मायक्रॉनमध्ये मोजाव्या लागतात. पिंपातून भरलेले, पाणी उतरलेले किंवा रॉकेल मिसळलेले डिझेल जुने इंजिन धूर ओकत का होईना, पचवीत असे. नवे इंजिन ते पचवीत नाही. डिझेल हेच इंजेक्टरचे आणि उच्चदाब पंपाचे वंगण असते. ते बिघडले की पंपातील धातूचे कण सर्व वाहिन्यांत पसरतात आणि एक भाग बदलून काम भागत नाही.

2020 नंतरचे इंजिन

1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 मानके लागू झाली. बीएस-4 वरून पाचवी पायरी वगळून थेट सहावीवर उडी घेण्याचा निर्णय केंद्राने 2016 साली जाहीर केला होता. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत 50 वरून 10 भागांवर आले. डिझेल मोटारी आणि सर्वांत हलक्या मालवाहू गाड्यांसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 0.25 ग्रॅमवरून 0.08 ग्रॅमवर उतरली. 1 एप्रिल 2023 पासून दुसरा टप्पा आला आणि प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची कसोटीही आली.

या निर्णयाच्या आवश्यकतेविषयी दुमत असण्याचे कारण नाही. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्येच निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. हा धूर सर्वांत जवळून घेतो तो चालक आणि बाजारातील हमालच. तथापि स्वच्छ धुराची किंमत इंजिनाच्या गुंतागुंतीत मोजावी लागते, हेही मान्य केले पाहिजे.

ईजीआर यंत्रणा जळालेल्या वायूंचा काही भाग पुन्हा सिलिंडरकडे वळविते. त्यामुळे हवेच्या मार्गात काजळी साचते. कणगाळणी, म्हणजे डीपीएफ, काजळी अडविते आणि ती ठराविक काळाने सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमानाला जाळून टाकते. त्यासाठी गाडी काही वेळ सलग, वेगात धावावी लागते. दिवसभर बाजारपेठेत अडखळत चालणाऱ्या किंवा मालासाठी तासन्‌तास इंजिन सुरू ठेवून उभ्या राहणाऱ्या पिकअपला ही संधीच मिळत नाही. काजळी जाळण्याचा प्रयत्न पुनःपुन्हा अर्धवट राहिला, की त्यासाठी फवारलेले जादा डिझेल ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ होते आणि पातळी वाढलेली दिसते. ‘ऑइल कमी होत नाही, उलट वाढते आहे’ म्हणून समाधान मानणारा मालक प्रत्यक्षात बेअरिंगच्या मृत्यूची सूचनाच वाचत असतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा ही सूचना आधी देतो; पण त्या दिव्याचा अर्थ गाडी देताना किती चालकांना मराठीत समजावून सांगितला जातो, हा प्रश्नच आहे.

अमेरिकेचा धडा

आपण ज्या वाटेने चाललो आहोत, ती अमेरिकेतील पिकअपधारकांनी आधीच तुडविली आहे. फोर्डने आपल्या मोठ्या पिकअपसाठी 2003 मध्ये नॅव्हिस्टार कंपनीने बनविलेले सहा लिटरचे ‘पॉवर स्ट्रोक’ डिझेल इंजिन आणले. उत्सर्जनाच्या नव्या नियमांसाठी त्यात ईजीआर कूलर होता. ऑइल कूलर आतून बुजला की ईजीआर कूलरला पुरेसे पाणी मिळत नसे. तो फुटे आणि पाणी सिलिंडरकडे जाई. दाब वाढून हेड गॅसकेट उडे. म्हणजे दोष एका भागात आणि मरण दुसऱ्याचे. हमीखालील दुरुस्तीचा खर्च इतका फुगला, की 2007 मध्ये फोर्ड आणि नॅव्हिस्टार एकमेकांविरुद्ध न्यायालयात उभे राहिले. 2009 मध्ये तडजोड झाली आणि पुढे फोर्डने स्वतःचे 6.7 लिटरचे इंजिन बनविले.

या प्रकरणातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. नव्या नियमांच्या घाईत बाजारात आलेल्या इंजिनाची खरी परीक्षा ग्राहकाच्या खर्चाने होते, ही पहिली. दुसरी अशी, की मूळ कारण समजून घेणाऱ्या कारागिरांनी हीच इंजिने पुढे सुधारून वर्षानुवर्षे चालविली. अविश्वासार्ह ठरलेले यंत्रही योग्य निदानाने टिकते. चुकीच्या निदानाने चांगलेही बसते.

मिस्त्री आणि मशीन

निदानाचा मुद्दा येथे कळीचा ठरतो. महाराष्ट्रात कारागिरीची वाण नाही. नाशिकला बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर घडतात, इगतपुरीला महिंद्रची इंजिने बनतात, देशातील वाहनांची कसोटी घेणारी एआरएआय ही संस्था पुण्यात आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात तर ऑइल इंजिनाच्या कामात पिढ्या गेल्या. धुराचा रंग पाहून, कानाने ठोका ऐकून आजार सांगणारे मिस्त्री याच मातीत तयार झाले. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जादा, निळा म्हणजे ऑइल जळते, पांढरा आणि गोडसर वासाचा म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये, ही त्यांची बाराखडी आजही खोटी ठरलेली नाही.

मात्र ती आता अपुरी पडते. इंजिनाचा संगणक जे दोष-संकेत नोंदवितो, ते वाचण्यासाठी स्कॅनर लागतो. नवा इंजेक्टर बसविल्यावर त्याचा सांकेतांक संगणकाला द्यावा लागतो; डीपीएफची सक्तीने सफाई करायची तर अधिकृत सॉफ्टवेअर लागते. हे साधन बहुतांशी कंपनीच्या सेवाकेंद्राकडेच असते आणि ते केंद्र तालुक्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर असू शकते. अशा वेळी गावातील मिस्त्री अंदाजाने एकेक भाग बदलत जातो किंवा डीपीएफच कापून काढतो. दुसरा उपाय स्वस्त वाटतो. पण तो बेकायदा आहे. प्रदूषणाच्या मानकांचा भंग केल्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय, हमीही तेथेच संपते.

सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळत नाहीत, या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांना 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि प्रकरण न्यायालयीन वाटेने लांबत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत मोटारवाहने आणि शेतीची अवजारे यांचा समावेश होता. त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही सुरू झाले. माहिती मिळणे हे पहिले पाऊल खरे. पण संकेतस्थळावरील माहितीने गॅरेजमधला इंजेक्टर सुरू होत नाही. कंपन्यांनी रास्त किमतीत साधने द्यावीत, असे कायदेशीर बंधन आल्याखेरीज या हक्काला अर्थ येणार नाही. सप्टेंबर 2025 मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी सरसकट 18 टक्के झाला, हा दिलासा निश्चितच आहे; तथापि कर कमी झाल्याने निदान अचूक होत नसते.

जबाबदारी कोणाची?

इंजिन हमीच्या काळात बसले, तरी वाद संपत नाही. इंधन भेसळीचे होते, भार जादा होता, ऑइल बाहेर बदलले, अशी कारणे दाखवून दावा फेटाळला जाऊ शकतो. ती कारणे काही वेळा खरीही असतात. क्षमतेपेक्षा अधिक भार ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय आहे. त्यासाठी किमान 20 हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार असा दंड असूनही ती सुटलेली नाही. जादा भार रस्त्याचे नुकसान करतो, तसा मालकाचा दावाही दुबळा करतो.

कायद्याची बाजू मालकांनी समजून घेतली पाहिजे. 2021 पासून लागू असलेले वाहन परत मागविण्याचे नियम प्रामुख्याने सुरक्षितता आणि पर्यावरण यांच्याशी संबंधित दोषांसाठी आहेत. इंजिन वारंवार बिघडते म्हणून सदोष गाडी परत घ्यायला लावणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. उरतो तो ग्राहक संरक्षण कायदा. व्यापारी हेतूने केलेली खरेदी त्यातून वगळली आहे. पण स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी केलेली खरेदी वगळलेली नाही. स्वतः चालविण्यासाठी ट्रक घेणारा हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात स्पष्ट केले. पिकअपचा चालक-मालक म्हणूनच जिल्हा ग्राहक आयोगाचे दार ठोठावू शकतो. तेथे भावना नव्हे, कागद बोलतात: सेवेच्या पावत्या, ऑइलची बिले, डिझेलच्या पावत्या, जॉबकार्डाच्या प्रती. आपल्या पिकअपमालकांकडे नेमके हेच नसते.

फिटनेस तपासणीचाही येथे उपयोग होत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी ही तपासणी सक्तीची आहे. ती ब्रेक, दिवे, धूर पाहते. इंजिनाचे उरलेले आयुष्य पाहत नाही. जुनी पिकअप विकत घेणाऱ्याने फिटनेसच्या कागदावर विसंबून व्यवहार करू नये, हे उघड आहे.

काय करता येईल?

डिझेल इंजिन मुळात दीर्घायुषी असते. निगा राखली तर लाखो किलोमीटर ते डोके न उघडता चालते. त्यासाठीची शिस्त अवघड नाही. कंपनीने सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल वापरणे, कारण डीपीएफला कमी राखेचे ऑइल लागते. डिझेल फिल्टरमधील पाणी नियमित काढणे. साध्या पाण्याऐवजी कूलंट भरणे. घाटानंतर इंजिन मिनिटभर सावकाश चालू ठेवणे. आणि काटा लाल रेषेकडे सरकताच गाडी थांबविणे. या पाच सवयींनी टळणारा खर्च कित्येक हप्त्यांएवढा असतो.

परंतु सर्व भार मालकाच्या शिस्तीवर टाकून कंपन्यांना आणि शासनाला मोकळे होता येणार नाही. हमीच्या अटी आणि दिव्यांचे अर्थ मराठीत मिळावेत. आयटीआयमधील एक वर्षाच्या ‘मेकॅनिक डिझेल’ अभ्यासक्रमाला नव्या इंजिनांची आणि स्कॅनरची पुरेशी जोड हवी. जुन्या मिस्त्रींसाठी लघुप्रशिक्षण हवे. बाजार समित्यांच्या आवारात, जेथे रोज शेकडो पिकअप उभ्या राहतात, तेथे सामायिक निदान केंद्र उभारणे मोठ्या खर्चाचे काम नाही. दावा फेटाळताना कंपनीने इंधनाचा तपासणी अहवाल लेखी द्यावा, एवढा नियम झाला तरी बरेच वाद मिटतील.

घाटात थांबलेल्या गाडीचा माल दुसऱ्या गाडीत चढविता येतो. तिच्यावरचे कर्ज मात्र दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर चढविता येत नाही. नवे इंजिन रस्त्यावर आणताना स्वच्छ हवेचा लाभ सर्वांचा आणि बिघाडाचा खर्च एकट्या मालकाचा, अशी जी वाटणी झाली आहे, ती बदलण्याची वेळ आली आहे.