काळाची माळ

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे. फटाक्यांची माळ पेटली की दूरच्या माणसाला एकच अखंड कडकडाट ऐकू येतो. जवळच्याला मात्र एकेक बार वेगळा जाणवतो. अखंड भासणारे खरोखर अखंड असते काय? नेमका हाच प्रश्न भौतिकशास्त्र आज अवकाश आणि काळ यांच्याविषयी विचारीत आहे.

आइनस्टाईनच्या १९१५ सालच्या सिद्धान्ताने अवकाश-काळाला वक्रता दिली, पण त्याचे सातत्य अबाधित ठेवले. पुंजवादाने मात्र अणूतील ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच बदलते, हे दाखवून दिले. या दोहोंचा मेळ घालणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले डॉ. अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइनस्टाईनची समीकरणे नव्या रूपात मांडली आणि त्यांतून ‘लूप क्वांटम ग्रॅव्हिटी’ हा सिद्धान्त उभा राहिला. त्यानुसार अवकाश हे विणलेल्या कापडासारखे आहे: दुरून सलग, जवळून धागे. त्या विणीचे माप इतके सूक्ष्म, की मीटरमध्ये लिहायचे तर दशांशचिन्हापुढे ३४ शून्ये मांडावी लागतात.

असे काही वाचले की आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर एक वाक्य येते, ‘हे तर आमच्या ऋषींना ठाऊकच होते!’ अभिमान स्वाभाविक आहे. परंतु आपल्या दर्शनकारांवर यात अन्यायच होतो. परमाणुवाद मांडणाऱ्या कणादांच्या वैशेषिक दर्शनाने काळ आणि दिशा यांना मात्र एक, नित्य आणि सर्वव्यापी मानले. जैन आचार्यांनी काळाचा अविभाज्य अंश ‘समय’ आणि अवकाशाचा ‘प्रदेश’ सांगितला. योगसूत्रांवरील व्यासभाष्याने एका परमाणूला आपली जागा सोडून पुढची गाठण्यास लागणारा काळ म्हणजे क्षण, अशी व्याख्या केली. आणि क्षणांची सलग धार ही केवळ बुद्धीची रचना आहे, असेही म्हटले. म्हणजे या भूमीत एक उत्तर नव्हते, वाद होता. पूर्वपक्ष ऐकून घेतल्यावाचून सिद्धान्त मांडायचा नाही, ही त्या वादाची शिस्त होती. तोच खरा वारसा होय.

आधुनिक विज्ञानाने या शिस्तीला प्रयोगाची जोड दिली. १० मे २००९ रोजी ‘फर्मी’ दुर्बिणीने सुमारे सात अब्ज वर्षे प्रवास करून आलेले गॅमा किरण टिपले. अवकाश कणमय असेल तर अतितीव्र ऊर्जेचे किरण थोडे मागे-पुढे पोहोचावेत, अशी काहींची अटकळ होती. तसा फरक आढळला नाही. त्या अटकळीचे साधे रूप बाद ठरले. मूळ प्रश्न मात्र उभाच आहे. अष्टेकरांच्या सिद्धान्तालाही प्रयोगाचा कौल अद्याप मिळालेला नाही, आणि त्यामुळे त्याचे मोल उणावत नाही.

शिरपूरच्या मुलाने विश्वाच्या विणीला हात घातला, तो पूर्वजांनी सारे शोधून ठेवले आहे असे मानून नव्हे. तेरखेड्याच्या अंगणात माळ उडताना एखादा मुलगा विचारील, ‘काळही असाच तुटक असतो का?’ तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी पोथीतले तयार उत्तर देऊन त्याला गप्प करू नये. ‘अजून कोणाला ठाऊक नाही, तू शोध’ हे उत्तर अधिक सत्य आहे, आणि आपल्या परंपरेला अधिक शोभणारेही.