सवलत मित्राच्या कष्टाला द्या

अर्जेंटिना-ब्राझीलचं कच्चं सोयाबीन तेल घेऊन जहाज कोलकाता किंवा हल्दियाला लागतं. तिथून ते तेल रक्सौलमार्गे नेपाळात वीरगंजकडे जातं, कारखान्यात शुद्ध होतं आणि पुन्हा भारतात येतं. एवढ्या तेलापुरतं सोयाबीन नेपाळात पिकतच नाही. मग हा हेलपाटा कशासाठी? सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने शुल्क वाढवलं, तेव्हापासून बाहेरून आलेल्या शंभर रुपयांच्या शुद्ध तेलावर पावणेछत्तीस रुपये शुल्क बसू लागलं. तेच नेपाळहून आलं तर ‘साफ्टा’ या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराखाली शून्य. उत्तर या फरकात आहे.

ती वाढ आपल्या शेतकऱ्यासाठी होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि मराठवाड्यातला शेतकरी आडतीत पोतं उतरवून त्याहून कमी भावाची पट्टी घेऊन घरी परतत होता. पेंडेची मंदी, जगाचा बाजार ही कारणं होतीच. पण कुंपण घालायचं आणि फाटक सताड उघडं ठेवायचं, याला राखण म्हणत नाहीत.

मग यात नेपाळचं तरी भलं झालं का? मागचा अनुभव पाहा. नेपाळशी झालेल्या १९९६ च्या व्यापार करारात भारताने नेपाळी मालासाठी मूल्यवृद्धीची, म्हणजे मालाच्या किमतीत तिथल्या कामाचा ठरावीक वाटा असण्याची, अट सोडली. आयात कच्च्या मालावर चालणारे वनस्पती तुपाचे कारखाने तिथे वाढले, इथले उत्पादक ओरडले आणि २००२ मध्ये वर्षाला एक लाख टनांची मर्यादा आली. २००० पासून श्रीलंकेशी मुक्त व्यापार सुरू झाला. तिथेही वनस्पतीचे कारखाने उभे राहिले, २००६ मध्ये अडीच लाख टनांची मर्यादा लागली आणि कारखान्यांना टाळी लागली. जानेवारी २०२० मध्ये भारताने शुद्ध पामतेलाच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हा नेपाळची पामतेलाची निर्यात कोसळली.

या करारांमागचा हेतू चांगलाच होता. पण शुल्काच्या फरकावर उभा राहिलेला कारखाना फरक मिटला की बसतो, आणि रोजगार बुडतो तो तिथल्या कामगाराचा. मोठी वेलची आणि चहा नेपाळच्या डोंगरात खरोखर पिकतात. सवलत द्यायची तर अशा मालाला मोकळ्या हाताने द्यावी.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, व्यापारी मित्रांनो, नुसतं ‘शुल्क वाढवा’ एवढीच मागणी करून थांबू नका. माल कुठे पिकला, त्यावर त्या देशात किती काम झालं, हे तपासण्याची मागणी करा. साफ्टामध्ये नेपाळसारख्या देशांना किमान तीस टक्के मूल्यवृद्धीची अट आहे. आयातदाराने मालाच्या उगमाची माहिती जवळ ठेवावी, असा आपल्याकडे २०२० पासून नियम आहे. नवा व्यापार करार जाहीर झाला की आपल्या खासदाराला विचारा : ही तपासणी कोण करणार, आणि कशी?

आणि एक विनंती. याचं खापर नेपाळी माणसावर फोडू नका. लातूरचा सोयाबीनवाला आणि वीरगंजचा गिरणी कामगार, दोघांचंही नुकसान एकाच ढिलाईने होतं. ती ढिलाई दूर करा, म्हणजे दोघेही टिकतील.